गिफ्ट कार्डातून पॉइंट : गणित आणि ग्यानबाची मेख

युक्ती काय? क्रेडिट कार्ड ठरावीक दुकानांत जादा परतावा देते. तिथूनच गिफ्ट कार्ड घ्यायचे आणि नंतर हवे तिथे वापरायचे. सहसा दुकानाचा प्रकार पाहून परतावा ठरतो, पिशवीत काय आहे ते पाहून नाही.

हिशेब : ५०० डॉलरचे कार्ड, शुल्क ५ डॉलर. ५०५ डॉलरवर ५ टक्के म्हणजे २५.२५ डॉलर. शुल्क वजा जाता हाती सुमारे २० डॉलर.

गाजलेला खटला : अमेरिकेतील एका दाम्पत्याने २०१३ आणि २०१४ मध्ये या मार्गाने तीन लाख डॉलरहून अधिक परतावा मिळवला. गिफ्ट कार्डांनी मनी ऑर्डर विकत घेऊन ती बँकेत भरायची, त्यातून क्रेडिट कार्डाचे बिल चुकते करायचे आणि पुन्हा खरेदी! २०२१ मध्ये करन्यायालयाने गिफ्ट कार्डांवरचा परतावा म्हणजे किमतीतली सूट, उत्पन्न नव्हे, असे ठरवले. क्रेडिट कार्डाने थेट घेतलेल्या मनी ऑर्डरवरचा परतावा मात्र करपात्र धरला.

भारतात : रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रीपेड गिफ्ट कार्डाची कमाल मर्यादा १०,००० रुपये. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, रोख काढता येत नाही. त्यामुळे अमेरिकेसारखे चक्र इथे फिरत नाही.

घेण्यापूर्वी :
- गिफ्ट कार्डावर पॉइंट मिळतात का, महिन्याची मर्यादा किती, हे बँकेच्या अटींत पाहा.
- गिफ्ट कार्डाची मुदत तपासा.
- बिल थकले, तर व्याज सगळे पॉइंट गिळते.