मुठीत उमटलेला तारा

पहाटेचा अंधार. जर्मन सैनिक घरात शिरले आहेत, बाहेरच्या खोलीतून त्यांचा दरडावणारा आवाज येतो आहे. आतल्या खोलीत दहा वर्षांच्या दोन मैत्रिणी. एलनच्या गळ्यात सोन्याची नाजूक साखळी, तिच्यात सहा टोकांचा ज्यू तारा. घाबरलेल्या बोटांनी फासा काही निघत नाही. अ‍ॅनमरी हिसडा देऊन साखळी तोडते आणि मूठ गच्च आवळते. सैनिक निघून गेल्यावर ती मूठ उघडते, तेव्हा तळव्यावर ताऱ्याचा ठसा उमटलेला असतो.

लोइस लाउरी या अमेरिकन लेखिकेच्या ‘नंबर द स्टार्स’ या किशोर कादंबरीतला हा प्रसंग. पुस्तक १९८९ साली आलं आणि १९९० मध्ये त्याला न्यूबेरी पदक मिळालं. रोज रात्री एक प्रकरण, असं करत मी ते माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला मराठीत सांगितलं. इथवर आले तेव्हा तिची स्वतःची मूठ मिटलेली होती. तिला ना कथा घडते ते कोपनहेगन माहीत, ना हिटलर नीटसा ठाऊक. पण मैत्रिणीची वस्तू लपवायची म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

कथेमागचा इतिहास खरा आहे. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. पहिली तीन वर्षं डॅनिश सरकार कसंबसं टिकून होतं. ऑगस्ट १९४३ मध्ये ते कोसळलं आणि ज्यूंना धरून नेण्याचा बेत ठरला. तो फुटला एका जर्मन अधिकाऱ्यामुळेच. जहाज वाहतुकीचं काम पाहणाऱ्या गेऑर्ग डुकविट्झने २८ सप्टेंबरला डॅनिश पुढाऱ्यांना खबर दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मगुरू मार्कुस मेल्कियोर यांनी कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये जमलेल्यांना प्रार्थना न करताच घरी जायला, लपायला सांगितलं. ज्यूंचं नवं वर्ष तोंडावर आलेलं. १ ऑक्टोबरच्या रात्री सैनिकांनी दारं ठोठावली, तेव्हा बहुतेक घरं रिकामी होती. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे सुमारे ७०० बिगरज्यू नातलग मासेमारीच्या होड्यांतून सामुद्रधुनी ओलांडून तटस्थ स्वीडनला पोचले. सगळे मात्र वाचले नाहीत. गिलेलाय या कोळ्यांच्या गावी चर्चच्या माळ्यावर लपलेली ऐंशीएक माणसं पकडली गेली. देशभरातून सुमारे ४७० जणांना तेरेझीनच्या छावणीत नेलं गेलं.

लाउरींनी त्याच गिलेलायमध्ये अ‍ॅनमरीचा हेन्रिकमामा वसवला आहे. तिथली रुमालाची गोष्ट तर कल्पित वाटावी अशी. होड्यांवर माणसांचा माग काढणारे कुत्रे चढवले जात. त्यावर तोड म्हणून सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन लावलेले रुमाल तयार केले गेले. रक्ताच्या वासाने कुत्रा हुंगायला यायचा आणि कोकेनने त्याचं नाक काही काळ बधिर व्हायचं. असा रुमाल कोळ्यांनी खरोखर वापरला. कादंबरीत तो जेवणाच्या टोपलीत पावाखाली दडवून अ‍ॅनमरी पहाटेच्या रानवाटेने धावत नेते. टोपलीत काय आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मुलांसाठी लिहिताना लाउरींनी केलेली ही निवड मला सर्वांत मोलाची वाटते. सैनिकांनी अडवल्यावर अ‍ॅनमरी बावळट, बडबड्या पोरीचं सोंग आणते. ते सोंग तिला साधतं, कारण त्या टोपलीबद्दल तिच्याजवळ सांगण्यासारखं खरोखरच काही नसतं.

मैत्रीही लाउरी अशाच बारीकसारीक गोष्टींतून दाखवतात. युद्धात चामडं मिळेनासं झालं, तेव्हा डेन्मार्कमध्ये माशाच्या कातडीचे बूट निघाले. अ‍ॅनमरीच्या धाकट्या बहिणीला, कर्स्टीला, तसलेच हिरवट, खवल्यांचे बूट मिळतात आणि ती रडून घर डोक्यावर घेते. एलन तिला म्हणते, माझ्या बाबांच्या शाईने आपण ते काळे करू. एवढंसंच बोलणं, पण पुढे ही एलन रात्रीच्या अंधारात देश सोडायला निघते, तेव्हा त्या घरातून कोण गेलं ते वाचणाऱ्या मुलाला कळतं.

एक तक्रार मात्र आहे. प्रत्यक्षात अनेक कोळ्यांनी या फेऱ्यांचे पैसे घेतले, काहींनी तर भरमसाट. होडी जप्त होण्याची, तुरुंगात पडण्याची भीती त्यांनाही होती. कादंबरीत या व्यवहाराचा मागमूस नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे पेललं असतं, असं मला वाटतं. भीतीपोटी पैसे मागणारा आणि तरीही होडी सोडणारा माणूस त्यांना नक्की समजला असता.

आपल्याकडे अशी गोष्ट शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी त्यांना १९४० च्या सुमारास घरांतून उचलून सायबेरियात नेलं होतं. सुटका झाल्यावर ती इराणमार्गे हिंदुस्थानात आली. पंचगंगेच्या खोऱ्यात त्यांच्या शाळा भरल्या, चर्च उभं राहिलं, स्काउटांची पथकं निघाली. पोलंडची राजधानी वॉर्सामध्ये आज या छावणीचं स्मारक आहे, कोल्हापुरातही आहे. मला वाचायची आहे ती कादंबरी या वळिवड्याची: थंडी आणि उपासमार सोसून आलेली एक मुलगी, गावातली तिच्याच वयाची दुसरी, आणि दोघींना एकमेकींच्या भाषेतला एकही शब्द येत नाही.

‘नंबर द स्टार्स’च्या शेवटी युद्ध संपतं, पण एलन परतलेली दिसत नाही. शेजाऱ्यांनी तिच्या घरातली झाडं जगवलेली आहेत, फर्निचरवरची धूळ पुसत ठेवली आहे. अ‍ॅनमरी लपवलेली साखळी बाहेर काढते आणि बाबांना विचारते, ही जोडून द्याल का? एलन येईपर्यंत ती स्वतःच गळ्यात घालणार असते.

भाचीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, शेवटचं पान उलटून मागे कोरं पान आहे का ते पाहिलं आणि विचारलं, “मावशी, मग एलन आली का गं?”