नटीचं सांगणं, लेखकाचं लिहिणं

मराठीत नटनट्यांची जी आत्मचरित्रं गाजली, त्यांतली बरीच त्यांनी स्वतः कागदावर उतरवलेली नाहीत. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं. ते आधी ‘माणूस’ या नियतकालिकात आलं आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्याचं पुस्तक केलं. दादा कोंडके यांच्या ‘एकटा जीव’चं लेखन अनिता पाध्ये यांचं. वाचक मात्र धरून चालतो की नटच थेट बोलतो आहे. माझं म्हणणं असं, की या मधल्या माणसाचं काम पुस्तकात दिसायला हवं. आणि आठवणीला पुराव्याची जोड कुठे मिळाली, कुठे नाही, हेही.

सांगणं कधी सनावळीने येत नाही. माणूस एका भूमिकेवरून एकदम आईकडे जातो, तिथून थकलेल्या पैशांकडे, आणि तीच हकिगत पुढच्या बैठकीत निराळी सांगतो. लिहिणारा हे सांधतो, पुनरुक्ती काढतो, बोलण्याची लकब किती ठेवायची तेही ठरवतो. साधूंनी वाडकरांचा स्वतःलाही न वाचवणारा सूर गुळगुळीत केला नाही, म्हणून ते पुस्तक अजून वाचलं जातं. यापुढचं काम पडताळणीचं, कंटाळवाणं. घाईत गळतं ते हेच. प्रदर्शनाच्या तारखा जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत सापडतात, कलावंतांची नावं पूर्वी सिनेमागृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांत. हंसाबाईंचा १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला, हे सगळे सांगतात. पण त्याच हंसाबाईंच्या मृत्यूचं साल कुठे १९७१ छापलेलं दिसतं, कुठे १९७२. इतक्या गाजलेल्या बाईची ही गत, तर दुय्यम भूमिका करणाऱ्यांचं विचारायलाच नको.

कोणी म्हणेल, अशा पडताळणीच्या टिपा घातल्या की सांगण्यातला जीव जातो. त्या शेवटी द्याव्यात. नटीचं वाक्य जसंच्या तसं राहू द्यावं. चुकलेलं साल गुपचूप दुरुस्त करून तिच्या तोंडी घालणं मला तर तिच्यावर अन्याय वाटतो, कारण काय आधी घडलं आणि काय नंतर, याबद्दलचा तिचा समजही तिच्या आयुष्याचाच भाग आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: आठवण इतकी बेभरवशाची, तर चरित्र कागदपत्रांवरूनच का लिहू नये? पण कागद उरलेत किती? १९४८मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा स्टुडिओ जळला. २००३च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मांचा साठा आगीत गेला. आपले बहुतेक मूकपट आज बघायलाही मिळत नाहीत. शिवाय करारपत्र हाती लागलं, तरी त्यात रक्कम असते. ती घरात कोणाच्या हाती पडली, हे नटीच सांगणार. वाडकरांच्या पुस्तकात सर्वांत मोलाचं आहे ते हेच. श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७मध्ये ‘भूमिका’ केला, तेव्हा नायिकेचं नाव उषा ठेवलं. सिनेमाला ती मोकळीक आहे, आत्मचरित्राला नाही.

टिपा आणि नामसूची म्हणजे पानं वाढली, किंमत वाढली, असं प्रकाशक म्हणतात. अडचण खोटी नाही. पण लांबच्या गावातला वाचक एका तारखेसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापर्यंत जाणार नाही. त्याच्यासाठी पुस्तक हाच पुरावा. दूरदर्शनच्या कलावंतांबाबत तर हे अधिकच निकडीचं आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि तिथल्या सुरुवातीच्या कितीतरी कार्यक्रमांचं चित्रमुद्रण आता उपलब्ध नाही. त्या काळाची चरित्रं लिहिताना जाहिरातीही फारशा मदतीला येणार नाहीत. कॅमेरामन, रंगभूषाकार, निर्मिती सहायक यांना वेगवेगळं बसवून एकच प्रसंग विचारावा लागेल, आणि जिथे त्यांचं जुळत नाही तिथे दोन्ही हकिगती छापाव्या लागतील.