फोटोतला सूर्य एवढासा का?

दिवाळीच्या सुट्टीत हर्णैला नाहीतर गणपतीपुळ्याला जाऊन आलेल्या बहुतेक मुलांजवळ सूर्यास्ताचा एक तरी फोटो असतो. समुद्रावर भला थोरला तांबडा गोळा टेकला होता, आकाश शेंदरी झाले होते, म्हणून मोठ्या हौसेने बटण दाबले. आणि घरी येऊन पाहावे तो फिकट पिवळे आकाश आणि मधोमध एक पांढरा ठिपका! मग दोष कॅमेऱ्याच्या माथी बसतो. “साधाच आहे आमचा, त्यात काय येणार?” मित्रहो, खिशात मावणारा साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा, किंवा मोबाइलमधला कॅमेरासुद्धा, या कामाला अगदी पुरेसा आहे. फक्त त्याची विचार करण्याची रीत आपल्याला ठाऊक हवी.

आधी त्या ठिपक्याचे पाहू. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आणि त्याचे आपल्यापासूनचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या जवळजवळ १०८ पट. म्हणूनच एवढा प्रचंड सूर्य आपल्या डोळ्यांशी जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो. साध्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र डावीकडून उजवीकडे सुमारे ६५ अंशांचा देखावा एका चित्रात कोंबते. आता तुम्हीच त्रैराशिक मांडा. १५ सेंटीमीटर रुंदीच्या फोटोत सूर्य केवढा येईल? सुमारे एक मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा! कॅमेरा खोटे बोलत नाही. क्षितिजावरचा सूर्य मोठा वाटतो तो आपल्या मनाला. पौर्णिमेचा चंद्र उगवताना आणि डोक्यावर आल्यावर, अशा दोन्ही वेळी हात लांब करून करंगळीच्या नखाने झाकून पाहा. दोन्ही वेळा तो सारखाच झाकला जातो. (हा प्रयोग चंद्रावरच करा, सूर्यावर नको.)

कॅमेऱ्याला तिप्पट झूम असेल तर सूर्य तीन मिलिमीटरचा होईल. पण हा झूम लेन्सचा हवा. डिजिटल झूम म्हणजे आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे, त्यात नवे काही मिळत नाही. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी, की सूर्यासमोरची वस्तू लांब ठेवायची. वरचा १०८ चा आकडा इथे कामी येतो. तुमचा मित्र १७० सेंटीमीटर उंच असेल, तर तुमच्यापासून सुमारे १८० मीटरवर तो बरोबर सूर्याएवढा दिसेल. वाळूच्या एखाद्या उंचवट्यावर त्याला तेवढ्या अंतरावर उभे करा, म्हणजे पाहणाऱ्याला सूर्य एकाएकी मोठा वाटू लागेल.

आता रंग का उडाला ते पाहू. इथे एक घरगुती प्रयोग करायलाच हवा. खिडकीजवळ एक कोरा पांढरा कागद ठेवा, आणि चित्रात फक्त कागदच येईल इतक्या जवळून फोटो घ्या. मग त्याच ठिकाणी काळी पाटी ठेवून तसाच दुसरा फोटो घ्या. फ्लॅश बंद ठेवा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिलेत तर गंमत वाटेल. कागद मळकट आणि पाटी राखाडी! कारण कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोर कागद आहे की पाटी हे कळत नाही. समोरचे सारे काही सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून तो प्रकाश कमीजास्त करतो. शाळेतल्या समूहचित्राला हा अंदाज ठीक बसतो. सूर्यास्ताला बसत नाही. तुमच्या त्या फोटोत खालचा अर्धा भाग काळसर वाळूने आणि पाठमोऱ्या माणसांनी भरलेला होता. “फारच अंधार दिसतो” असे समजून कॅमेऱ्याने प्रकाश जास्त घेतला, आणि आकाशाचा शेंदरी रंग त्यात धुऊन निघाला.

म्हणून कॅमेऱ्याला मोजायला काय द्यायचे ते आपण ठरवायचे. कॅमेरा सूर्याच्या थोडा बाजूच्या आकाशाकडे वळवा. सूर्य चित्राबाहेर, पण झगमगते आकाश आत. बटण अर्धेच दाबा आणि तसेच धरून ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत एवढ्याने प्रकाशाचे माप पक्के होते. आता कॅमेरा हव्या त्या देखाव्याकडे आणून बटण पूर्ण दाबा. आकाशाचे रंग उतरतील आणि माड, होड्या, माणसे काळ्या आकृत्या होऊन उभी राहतील. त्या काळ्या झाल्या म्हणून हळहळू नका. सूर्यास्ताच्या चित्राची निम्मी शोभा त्यांच्यातच असते. मोबाइलवर पडद्यावरच्या उजळ आकाशाला बोट लावले की हेच काम होते. कॅमेऱ्यावर अधिक-उणेचे चिन्ह असेल तर आणखी बरे. उणे एक म्हणजे निम्मा प्रकाश, उणे दोन म्हणजे पाव. तिन्ही तऱ्हांनी एकेक फोटो घ्या. आमच्या लहानपणी एका रोलमध्ये बारा फोटो निघत आणि तेही कृष्णधवल! त्या रोलवर मी हौसेने घेतलेला सूर्यास्त भर दुपारचा म्हणूनही खपला असता.

रंगाचा आणखी एक शत्रू आहे. घरातल्या दिव्याच्या पिवळट उजेडात घेतलेला फोटो पिवळा येऊ नये म्हणून डिजिटल कॅमेरा रंग आपोआप दुरुस्त करतो. संध्याकाळची लालीही त्याला दिव्याचीच चूक वाटते, आणि तो ती निमूटपणे पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स या सोयीत लहानशा सूर्याचे चिन्ह असते, ते निवडले की ही लुडबुड थांबते. फ्लॅश अर्थातच बंद. त्याचा उजेड तीन-चार मीटरपलीकडे पोहोचत नाही, मग सूर्याचे काय घेऊन बसलात! सूर्य बुडाल्यावर लगेच घरी पळू नका. उंचावर विरळ ढग असतील तर खरे रंग त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत भरतात. उजेड कमी झाल्याने हात हलला की चित्र पुसट होईल. कॅमेरा कठड्यावर ठेवून सेल्फ-टायमर लावा.

एक ताकीद मात्र पाळाच. सूर्य झगझगीत असेपर्यंत त्याच्याकडे टक लावून पाहू नका, कॅमेऱ्याच्या डोळ्याला लावायच्या खिडकीतून तर नाहीच. चित्र पडद्यावर पाहूनच जुळवा.

एवढे जमले की तुमचा कॅमेरा मोजमापाचे साधन झाला म्हणून समजा. पावसाने हवा धुतली गेल्यावर, समुद्राची कड स्वच्छ दिसेल अशा संध्याकाळी, झूम पूर्ण लावून उणे दोनवर फोटो घ्या. सूर्याची कड पाण्याला टेकल्यापासून तो दिसेनासा होईपर्यंत आपल्याकडे सव्वादोन ते अडीच मिनिटे मिळतात. कड टेकताच घेतलेला फोटो संगणकावर मोठा करून सूर्याची रुंदी आणि उंची पट्टीने मोजा. उंची सुमारे एकषष्ठांशाने कमी भरेल! क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाशकिरण वाकतात आणि सूर्य वर उचललेला दिसतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून गोळा चपटा होतो. हे उचलणे अर्ध्या अंशाहून थोडे जास्त, म्हणजे सूर्याच्या रुंदीहूनही अधिक असते. तेव्हा ज्या क्षणी सूर्य पाण्याला टेकला असे आपण म्हणतो, त्या क्षणी खरा सूर्य सगळाच्या सगळा क्षितिजाखाली गेलेला असतो. तुम्ही फोटो काढता तो बुडालेल्या सूर्याचा!

समुद्र ज्यांना जवळ नाही त्यांनी गच्ची गाठावी. उभे राहण्याची जागा खडूने नव्हे, रंगाने आखून ठेवा, आणि पश्चिमेकडचा एखादा खांब दर वेळी चित्रात त्याच जागी येईल असे पाहा. २२ डिसेंबरला पहिला फोटो घ्या, मग दर आठवड्याला एक. मुंबईच्या अक्षांशावर त्या दिवशी सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि २१ जूनला तितकाच उत्तरेला. हा सारा ५० अंशांचा प्रवास साध्या लेन्सच्या ६५ अंशांत, झूम न लावता, एकाच चौकटीत मावतो. डिसेंबरअखेरीस आठवडाभरात सूर्य जागचा हलल्यासारखा वाटणारही नाही. पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो सात दिवसांत पाच सूर्य शेजारी शेजारी बसतील एवढा उत्तरेकडे सरकलेला दिसेल. जूनमध्ये ढग आडवे येतील, तेव्हा मेअखेरपर्यंतचे फोटो चुकवू नका.