तिरकी भिंत, छोटं बाथरूम

समजा, जयपूरजवळच्या चौमूंमधलं एक जुनं घर आहे. जिन्यालगत कसंबसं काढलेलं बाथरूम, त्यात एक भिंत तिरकी. सुरुवात कुठून करायची?

आधी दारापासून. दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करा. जागा तर मिळतेच, पण आजी आत घसरून पडल्या तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं आणि मदतीला जाता येत नाही.

मग कमोड. तो मैल्याच्या पाइपाजवळच ठेवा. लांब नेला तर पाइपाला उतार देण्यासाठी फरशी उचलावी लागते. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच सोडा.

अंघोळीची जागा दारापासून लांब, फरशीचा उतार जाळीकडे. म्हणजे दाराजवळ कोरडं राहतं.

तिरकी भिंत सरळ करण्यात जागा घालवू नका. तिथल्या कोपऱ्यात फळ्या किंवा छोटं बेसिन बसवा.

तोडफोडीआधी फरशीवर खडूने सगळं आखा. कमोडच्या जागी स्टूल ठेवून बसा, बादली ठेवून वाकून बघा. गुडघा भिंतीला लागला, तर खडू पुसता येतो. बसवलेली फरशी नाही.