नीरूचा हात देण्यापूर्वी : जुन्या भिंतींची पूर्वतयारी

दसरा-दिवाळीच्या सुमारास घराच्या भिंती स्वच्छ करून त्यांना रंग वा चुना देण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. याच दिवसांत अनेक कुटुंबे आतील भिंतींवर नीरूचा, पुट्टीचा किंवा जिप्समचा पातळ हात देऊन त्या गुळगुळीत करून घेतात. भिंत आठ दिवस आरशासारखी दिसते आणि पुढील पावसाळा संपण्यापूर्वीच तिचे पोपडे सुटू लागतात. दोष बहुधा सामानाला किंवा गवंड्याला दिला जातो. वास्तविक तो बहुतेक वेळा वरच्या थरात नसून त्या थराखाली झाकून टाकलेल्या भिंतीत असतो. नीरूचा थर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा. तो भिंतीला सफाई देतो. बळ देत नाही, आणि खालच्या ओलीला किंवा पोकळीला तर मुळीच आवरू शकत नाही.

पहिला प्रश्न ओलीचा. चार महिने पाणी प्यालेली भिंत दिवाळीपर्यंत वाळतेच असे नाही. एक इंच जाडीला सुमारे एक महिना, असा बांधकामातील ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने जुन्या घराची दीड फूट जाडीची दगडमातीची भिंत एका हंगामात पुरती सुकणे कठीणच. ओल भिंतीतील आहे की खोलीतील हवेची, हे ओळखण्यास सोपा उपाय आहे. प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या अंगास पाणी जमले तर ते भिंतीतून येत आहे असे समजावे. बाहेरच्या अंगास जमले तर खोलीत हवा खेळत नाही एवढाच त्याचा अर्थ.

भिंतीतून ओल येत असेल तर प्रथम तिचे मूळ शोधले पाहिजे. फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, गळती लागलेला नळ ही नेहमीची कारणे. आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्षानुवर्षे अंगणात भर पडत जाते आणि बाहेरची माती जोत्याच्या वर चढते. अशा ठिकाणी केवळ ती माती खोदून काढल्यानेही पुढील काही महिन्यांत भिंतीचा पायथा कोरडा झालेला दिसतो. मूळ कारण कायम ठेवून आतून जलरोधक लेप फासला तर ओल तेथून हटून वर किंवा बाजूस सरकते, एवढेच.

सणासाठी थांबणे शक्य नसेल तर त्या वर्षी साध्या चुन्याची सफेदी द्यावी. चुन्याच्या थरातून भिंतीतील बाष्प बाहेर पडू शकते. नीरू किंवा पुट्टीचे काम मग माघ-फाल्गुनापर्यंत पुढे ढकलावे. त्या वेळी भिंत वाळलेली असते आणि ऊनही अद्याप इतके कडक नसते की पातळ थर तासाभरात सुकून तडकावा.

लोणा आणि पोकळ गिलावा

जमिनीलगतच्या भिंतीवर पांढरी बुकटी फुटते, तिला लोणा लागणे म्हणतात. मातीतील, विटांतील वा वाळूतील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याला आतून फोडतात. हा लोणा पाण्याने धुऊन काढण्याची चूक घरोघरी होते. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. तो कोरड्या ब्रशाने झाडून, खाली कागद अंथरून गोळा करावा आणि घराबाहेर टाकावा. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर लोण्याच्या रेषेच्या वर वीतभर जागेपर्यंत तो काढून टाकणेच श्रेयस्कर. जिप्सम पाण्यात काही अंशी विरघळते. त्यामुळे ओल किंवा लोणा असलेल्या भिंतीवर ते कधीही वापरू नये.

यानंतर थापीच्या मुठीने संपूर्ण भिंत ठोकून पाहावी. घट्ट गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द आवाज देतो. बद्द वाजणाऱ्या जागांभोवती कोळशाने खूण करून तेवढा भाग चौकोनी कापून काढावा. कापाच्या कडा आतल्या बाजूस रुंद होतील अशा तिरप्या ठेवाव्यात, म्हणजे नव्या मालाला पकड मिळते. उघड्या पडलेल्या विटांचे सांधे अर्धा इंच खोल कोरावेत, धूळ झाडावी आणि विटा पाणी मारून ओल्या कराव्यात. कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते आणि सिमेंटला आळण्यास पाणीच उरत नाही. मात्र पृष्ठभागावर पाणी साचलेले असू नये.

ठिगळ कोणत्या मालाचे, हा कळीचा मुद्दा आहे. जितके सिमेंट अधिक तितके काम पक्के, असा समज रूढ आहे. तो येथे घातक ठरतो. कडक माल सुकताना अधिक आकसतो आणि खालचा मऊ थर ओढून सोडवतो. बाहेरचा थर आतील थराहून अधिक बळकट असू नये, हा गिलाव्याचा मूळ नियम होय. विटांच्या सिमेंटी भिंतीस एकास चार ते एकास सहा प्रमाणाचा माल पुरतो. चुन्यात बांधलेल्या वाड्याच्या भिंतीस चुना, वाळू व सुरखीचा माल, आणि मातीच्या भिंतीस भुसा घालून मुरविलेली माती हेच योग्य ठिगळ. अशा जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केला की आतील ओल कोंडली जाते, आणि काही वर्षांत गिलाव्याची अखंड पापडीच खाली येते. खाच खोल असेल तर एका वेळी १०-१२ मिलिमीटरहून जाड थर देऊ नये. पहिला थर आळल्यावर त्यावर ओरखडे काढून दुसरा द्यावा. समुद्रकाठची वाळू स्वस्त पडली तरी ती टाळावी. तिच्यातील मीठ म्हणजे विकत आणलेला लोणाच.

भेगांचे निदान

केसासारख्या बारीक भेगा गिलावा आकसल्याने पडतात आणि त्या निरुपद्रवी असतात. त्या टोकदार हत्याराने किंचित रुंद करून भरल्या की काम भागते. वीटकाम आणि काँक्रीटचा खांब वा तुळई यांच्या सांध्यावर येणारी सरळ भेग मात्र नुसती भरून राहत नाही. तेथे दोन्ही बाजूंस पुरेशी पसरेल अशी तारेची जाळी ठोकून मग गिलावा करावा लागतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग निराळी. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात घरे काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायाचे घर तिच्याबरोबर हलते. अशी भेग पावसाळ्यात मिटते व चैत्र-वैशाखात उघडते. तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांस चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे. तिच्यावर नीरू फिरविणे म्हणजे इशारा पुसून टाकणे होय. तेथे अभियंत्याचाच सल्ला घ्यावा. छताच्या काँक्रीटचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसत असेल तेव्हाही हेच लागू पडते. शाळेच्या वर्गखोलीत तर असे छत गिलाव्याने झाकून मुलांना त्याखाली बसविणे अक्षम्य आहे.

जुन्या रंगाचाही विचार हवा. तेलरंगावर नीरू धरत नाही. तो खरवडून काढावा व खाली टाके मारून पृष्ठभाग खडबडीत करावा. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तेलरंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. पाणी शिंपडून खरवडावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे आणि निघालेला कचरा अंगणात झाडून टाकू नये. चुना हाताळतानाही डोळे जपावेत. कळीचा चुना विरविताना उडालेला थेंब दृष्टी घालवू शकतो.

ठिगळ आजूबाजूच्या भिंतीपेक्षा एखादा मिलिमीटर खोल ठेवावे आणि सिमेंटचा माल असल्यास किमान सात दिवस पाणी मारावे. नेमके येथेच काम बिघडते, कारण मजुरी बहुधा चौरस फुटावर ठरते आणि ठोकणे, खरवडणे, पाणी मारणे यांचे माप कोणी धरीत नाही. गवंड्याने ते फुकट करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. पूर्वतयारीची मजुरी रोजावर वेगळी ठरविणे उभयपक्षी हिताचे.

ठिगळे वाळल्यावर भिंतीवर पाणी शिंपडून पाहावे. नवी जागा पाणी झटकन पिते व जुनी पीत नाही, असा फरक दिसला तर वरचा थरही तसाच विषम सुकेल आणि ठिगळांचा नकाशा रंगातूनही उमटेल. नव्या जागा अगोदर ओलावून हा फरक कमी करता येतो. शेवटी रात्री अंधार करून दिवा भिंतीलगत आडवा धरावा. दिवसा न दिसलेले उंचवटे व खळगे सावल्यांनी उघडे पडतात. तेथे खुणा करून, दुसऱ्या दिवशी उंचवटे घासून व खळगे भरून, ते आळल्यावरच नीरूचे घमेले खोलीत आणावे.