ज्योतीच्या पोटातली साखळी

वज्रेश्वरीला पाणी तापायला जाळ लागत नाही. भिवंडी तालुक्यातल्या या गावाजवळ, तानसा नदीकाठच्या अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांत, जमिनीत खोल झिरपलेलं पाणी खडकांच्या उष्णतेनं तापून वर येतं. पण १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी उभारलेल्या देवीच्या मंदिरात येणाऱ्या भाविकांचा चहा-नाश्ता गॅसवर होतो, आणि आसपासच्या पाड्यांवर अजूनही चूल पेटते. हा जाळ आत कसा चालतो, हे समजून घेणं स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचं आहे.

आधी हा गॅस येतो कुठून ते पाहू. ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या यंत्रमंचानं १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं. तिथला वायू नळांतून उरणला येतो आणि तिथे त्याचे घटक वेगळे केले जातात. सिलिंडरमध्ये भरतात ते मुख्यतः तीन कार्बनचं प्रोपेन आणि चार कार्बनचं ब्युटेन. शहरांत पाइपनं घरोघरी येतं ते मुख्यतः एका कार्बनचं मिथेन. सगळी एकाच कुळातली छोटी हायड्रोकार्बन.

शाळेत आपण समीकरण शिकतो: एक मिथेन, दोन ऑक्सिजन, त्यातून एक कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी. हा फक्त जमाखर्च झाला. प्रत्यक्षात हे रेणू एका टकरीत असे बदलत नाहीत. ज्योतीत हायड्रोजनचे सुटे अणू, ऑक्सिजनचे अणू आणि हायड्रॉक्सिल असे अस्थिर, अतिशय क्रियाशील तुकडे असतात. हायड्रॉक्सिल मिथेनचा एक हायड्रोजन ओढून घेतो, पाणी बनतं आणि मेथिल उरतो. मेथिलपासून फॉर्माल्डिहाइड, त्यापासून कार्बन मोनॉक्साइड आणि सरतेशेवटी कार्बन डायऑक्साइड. या सगळ्याला वेग देणारी पायरी वेगळीच आहे: हायड्रोजनचा एक अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतो आणि एका क्रियाशील तुकड्याचे दोन होतात. अशा साखळी अभिक्रियांचा उलगडा करणाऱ्या निकोलाय सेम्योनोव आणि सिरिल हिन्शेलवूड यांना १९५६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी संशोधक वापरत आलेल्या ‘जीआरआय-मेक ३.०’ या प्रतिमानात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत.

या कुळात सर्वांत लहान मिथेन पेटायला सर्वांत हट्टी. त्याचे चारही बंध मजबूत, आणि मेथिल तुकडे साखळी पुढे नेण्याऐवजी एकमेकांना जोडून इथेन बनवतात. प्रोपेनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन त्यामानानं सहज सुटतो. हवेची गरजही वेगळी: एका घनफूट मिथेनला साधारण साडेनऊ घनफूट हवा लागते, प्रोपेनला चोवीसच्या आसपास. म्हणून सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसवर घेताना जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक छिद्र, बदलावा लागतो. गळतीतही फरक पडतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. मिथेन हलका, तो छताकडे जातो.

ज्योतीचा रंग आतली हकिगत सांगतो. हवा पुरेशी मिसळली की कार्बन-हायड्रोजन आणि जोड-कार्बनचे क्षणजीवी तुकडे निळा उजेड देतात. हवा कमी पडली की अ‍ॅसिटिलीनसारखे रेणू जुळत जातात, त्यांची बेंझिनची कडी बनतात, कड्यांना कडी जोडून काजळीचे कण होतात आणि तापून पिवळे चमकतात. भांड्याचं बूड काळं पडलं तर बर्नरची छिद्रं साफ करावीत आणि हवेचा मार्ग तपासावा.

चुलीतलं लाकूडही आधी उष्णतेनं फुटून वायू सोडतं. जळतात ते हे वायू आणि उरलेला कोळसा. चुलीत हवा नीट मिसळत नाही, ज्योत लवकर थंडावते आणि अर्धवट जळलेलं सारं धूर होऊन घरात पसरतं. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या, गॅसजोडणी देणाऱ्या उज्ज्वला योजनेमागचं कारण हा धूरच होता. धूर टाळण्याचा आणखी एक मार्ग बायोगॅसचा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केलं आणि २००६ मध्ये त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तिथेही जळतं ते मिथेनच. पण सोबतचा कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषून ज्योत मंद करतो, त्यामुळे बर्नर वेगळा लागतो.

साखळीतली शेवटची पायरी जिवाशी निगडित आहे. कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड होण्यासाठी हायड्रॉक्सिल, उष्णता आणि वेळ, तिन्ही लागतात. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरजवळ ऑक्सिजन घटत गेला की ही पायरी अपुरी राहते. मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवायचा, त्याचा धूर नळीनं बाहेर सोडायचा आणि स्वयंपाकघराची खिडकी कडाक्याच्या थंडीतही उघडी ठेवायची. ३२५ अभिक्रिया पाठ करायची गरज नाही. शेवटची पूर्ण होईल एवढी हवा मिळू देणं आपल्या हातात आहे, आणि ते प्रत्येक घरात झालंच पाहिजे.