चौदा दिवस मोजायचे, पण कुठून?

पाळी आली त्या दिवसापासून चौदा दिवस मोजा आणि तो दिवस चुकवू नका. मूल हवं असलेल्या जोडप्याला हा सल्ला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांपासून मोबाइलमधल्या अ‍ॅपपर्यंत सगळीकडून मिळतो. तो साफ खोटा असता तर केव्हाच मागे पडला असता. जिची पाळी बरोबर २८ दिवसांनी येते, तिच्या बाबतीत तो पुष्कळदा जुळतो, कारण २८ च्या मधोमध १४ येतात. पुढून मोजा नाहीतर मागून. पण अशा बायका किती? एका अ‍ॅपवर नोंदवलेल्या सहा लाखांहून अधिक पाळीचक्रांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात बरोबर २८ दिवसांची चक्रं १३ टक्क्यांच्या आसपास भरली. सरासरी २९.३ दिवसांची होती आणि त्यातला पाळी सुरू झाल्यापासून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचा काळ सरासरी १७ दिवसांचा. म्हणजे सरासरीचा दिवसही चौदावा नव्हता. आकडा एका-दोन दिवसांनी चुकला एवढीच तक्रार असती तर तो दुरुस्त करून भागलं असतं. खरी चूक मोजणी कुठून सुरू करायची यात आहे.

शरीरात काय घडतं ते पाहिलं की हे स्पष्ट होतं. पाळी सुरू होते तेव्हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या संप्रेरकामुळे बीजांडकोशात काही फॉलिकल, म्हणजे बीज सांभाळणाऱ्या पाण्याच्या बारीक पिशव्या, वाढू लागतात. त्यांतली एक पुढे निघते, बाकीच्या मागे पडून विरतात. पुढे निघालेल्या फॉलिकलला पक्व व्हायला किती दिवस लागतील हे ठरलेलं नसतं. आजारपण, वजनातला मोठा चढउतार, थायरॉइडचा बिघाड, ताण यांतलं काहीही ते लांबवू शकतं. ती पक्व झाली की एलएच नावाचं संप्रेरक एकदम उसळतं आणि साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडतं. दवाखान्याच्या भाषेत ‘अंडं फुटलं’. रिकाम्या झालेल्या फॉलिकलचं मग एका पिवळसर ग्रंथीत रूपांतर होतं. ती प्रोजेस्टेरॉन स्रवते, गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते आणि गर्भ राहिला नाही तर बारा ते चौदा दिवसांत सुकून जाते. अस्तराचा आधार गेला की पाळी येते. म्हणजे चक्राचा पहिला अर्धा भाग ताणला जाणारा आणि नंतरचा त्या मानानं ठरलेला. बीज बाहेर पडण्याचा दिवस येणाऱ्या पाळीशी बांधलेला असतो, होऊन गेलेल्या पाळीशी नाही. चोवीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईत तो दहाव्या दिवसाच्या आसपास येईल आणि पस्तीस दिवसांनी येणाऱ्या बाईत एकविसाव्या.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कळलेली आहे. जपानमधल्या निइगाता शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकू ओगिनो यांनी पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वेळी बायकांचे बीजांडकोश प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्या पाळीच्या तारखांशी ते ताडून बघितले आणि १९२४ साली निष्कर्ष मांडला, की बीज पुढच्या पाळीच्या आधी १२ ते १६ दिवसांच्या दरम्यान बाहेर पडतं. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले. दोघांची नावं पुढे जोडली गेली ती गर्भ टाळण्याच्या ‘सुरक्षित दिवसां’शी. खुद्द ओगिनोंना मात्र हा उपयोग मान्य नव्हता. टाळण्यासाठी ही मोजणी भरवशाची नाही असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं.

आता दुसरा प्रश्न. नेमका दिवस सापडला तरी तो एकच दिवस कामाचा असतो का? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये अ‍ॅलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीतली संप्रेरकं मोजली आणि संबंध कोणत्या दिवशी आले याची नोंद ठेवली. १९९५ साली छापून आलेला त्याचा निष्कर्ष अजूनही या विषयाचा पाया मानला जातो. सगळ्या गर्भधारणा फक्त सहा दिवसांत झाल्या होत्या: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाच दिवस आधी संबंध आले तर शक्यता दहात एक, त्या दिवशी आले तर तिनात एक, आणि दुसऱ्या दिवसापासून शून्य. कारण साधं आहे. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात; बीज मात्र जेमतेम बारा ते चोवीस तास. म्हणून शुक्राणूंनी आधी पोचून बीजाची वाट पाहायची असते, गाडी येण्याआधी फलाटावर जाऊन उभं राहावं तसं. चौदावा दिवस हा ‘मुख्य दिवस’ धरून त्याआधी मुद्दाम संयम पाळणारं जोडपं नेमके चांगले दिवस वाया घालवतं. विल्कॉक्स यांच्याच गटानं २००० साली आणखी एक हिशोब मांडला. डॉक्टरी पुस्तकांत दिलेल्या दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या मर्यादेत ज्यांचे सहाही दिवस बसतात, अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच निघाल्या.

गंमत अशी, की गर्भ टाळायचा असतो तेव्हा हेच शास्त्र किती उदार होतं ते पाहा. कुटुंबनियोजनासाठी रंगीत मण्यांची एक माळ वापरतात. भारतात ती ‘मालाचक्र’ या नावानं आली. पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आत नियमित येणाऱ्या बाईनं आठव्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळावेत असं ती सांगते. पाळी नियमित असूनही टाळण्यासाठी बारा दिवसांची सावधगिरी आणि मूल हवं असेल तेव्हा एकच तारीख! दोन्हीकडे जीवशास्त्र तेच असेल, तर दुसऱ्या सल्ल्यात काहीतरी गळलेलं आहे हे उघड आहे.

आपल्याकडे याला जुन्या मोजणीचीही जोड आहे. मनुस्मृतीनं पाळीपासूनच्या सोळा रात्रींना ऋतुकाल म्हटलं, त्यातल्या पहिल्या चार आणि अकरावी व तेरावी वर्ज्य सांगितली, सम रात्री मुलासाठी आणि विषम मुलीसाठी वाटून दिल्या. पहिल्या भागाकडे सहानुभूतीनं पाहता येतं. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात पाचव्या ते सोळाव्या रात्रीत फलदायी सहा दिवस सहज बसतात. निरीक्षण अगदी वाऱ्यावरचं नव्हतं. पण पस्तीस दिवसांच्या चक्रात ते सोळाव्या दिवसाच्या सुमारास जेमतेम सुरू होतात, म्हणजे बाकी सगळे ऋतुकालाच्या बाहेर. मोजणी पुढून केली की सोळा रात्रीही अपुऱ्या पडतात. सम-विषमाचा भाग तर निव्वळ निराधार आहे. मुलगा की मुलगी हे शुक्राणूतलं गुणसूत्र ठरवतं आणि १९९५ च्या त्याच अभ्यासात संबंधाचा दिवस व बाळाचं लिंग यांचा काहीही संबंध आढळला नाही. तरी हा समज महाराष्ट्रात इतका जिवंत आहे, की त्यावरचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

यावर एक रास्त आक्षेप येईल. चक्राचा नंतरचा अर्धा भाग तरी कुठे चौदा दिवसांचा पक्का असतो? नसतोच. २०१९ च्या अभ्यासात त्याची सरासरी १२.४ दिवस होती आणि बहुतेक चक्रांत तो सात ते सतरा दिवसांच्या दरम्यान होता. पण त्याच चक्रांत पहिला भाग दहापासून तीस दिवसांपर्यंत पसरला होता. उलट मोजणी अचूक नाही, तरी सुलट मोजणीपेक्षा कमी चुकते. तिची मोठी अडचण वेगळीच आहे: पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणाला ठाऊक? म्हणून मागच्या सहा-आठ चक्रांच्या तारखा लिहून ठेवल्या तरी हाती येतो तो अंदाज. अ‍ॅपही हेच करतं, फक्त ते रंगीत पडद्यावर ठामपणे सांगतं, आणि तो ठामपणा हाच धोका. तापमान रोज पहाटे मोजणाऱ्यांची फसगत वेगळी: प्रोजेस्टेरॉनमुळे तापमान अर्ध्या अंशापर्यंत चढतं, पण बीज बाहेर पडल्यानंतर. तो घडून गेलेल्या गोष्टीचा दाखला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. औषधाच्या दुकानात एलएच तपासणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या बीज बाहेर पडण्याच्या दिवसभर ते दीड दिवस आधी खूण देतात, मग अंदाजावर का राहायचं? पट्ट्यांचा उपयोग होतो हे मान्य करायला हवं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानुसार, चाळिशीच्या आतल्या आणि वर्षभराहून कमी काळ प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांत गर्भ राहण्याची शक्यता १८ टक्के धरली, तर पट्ट्या वापरल्यानं ती २० ते २८ टक्क्यांच्या दरम्यान जाऊ शकते. नवरा जहाजावर असेल, किंवा एकाची नोकरी पुण्यात आणि दुसऱ्याची नांदेडला असेल, तर पट्टीला पर्याय नाही. पण पट्टी हिरवा कंदील दाखवते तेव्हा सहातले तीन-चार दिवस सरलेले असतात. शिवाय पीसीओएस हा बीजांडकोशाचा विकार असलेल्या काही बायकांत एलएच मुळातच चढलेलं असतं आणि पट्टी फसवते. एकत्र राहणाऱ्या जोडप्यानं पाळी थांबल्यापासून दर एक-दोन दिवसांनी संबंध ठेवले तर फलदायी दिवस आपोआप त्यात येतात, मग ते दहाव्या दिवशी येवोत की एकविसाव्या. योनिमार्गातला स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, तार सुटणारा झाला, की वेळ जवळ आली हे बाईला पट्टीशिवायही कळतं.

एवढ्या वारंवारतेनं वीर्य पातळ पडेल, ते साठवून ठेवावं, ही भीती पुरुषांत खोलवर रुजलेली आहे. पुरावा उलट सांगतो: निरोगी पुरुषात रोजच्या संबंधांनीही शुक्राणूंची संख्या पुरेशी राहते, आणि पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर त्यांचा दर्जा घसरू लागतो. तारखेला बांधलेल्या संबंधांचं एक नुकसान मात्र कोणत्याही आकड्यात दिसत नाही. ‘आज काहीही झालं तरी’ या हुकुमाखाली बऱ्याच पुरुषांना ऐन वेळी जमत नाही, आणि महिना फुकट गेल्याचा ठपका दोघं एकमेकांवर ठेवतात.

हे सगळं पाळी बऱ्यापैकी नियमित असणाऱ्यांसाठी. चक्र २१ दिवसांहून लहान किंवा ३५ दिवसांहून मोठं असेल, वर्षात आठापेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर दिवस मोजण्यात अर्थ नाही. बीज बाहेर पडतंय का हाच प्रश्न आहे आणि त्यासाठी वर्षभर थांबू नये. पीसीओएस, थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा बिघाड ही नेहमीची कारणं आहेत आणि बहुतेकांवर गोळ्यांनी उपचार होतो. इथेही मोजणी आडवी येते. बीज बाहेर पडलं का हे पाहण्यासाठी ‘एकविसाव्या दिवशी’ प्रोजेस्टेरॉन तपासायला सांगतात. तेही २८ दिवसांचं चक्र धरूनच. ती तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी व्हायला हवी. पस्तीस दिवसांच्या चक्रात ती एकविसाव्या दिवशी केली, तर बीज नीट बाहेर पडणाऱ्या बाईचाही आकडा कमी येईल आणि तिला नसलेला आजार चिकटेल. आपलं चक्र किती दिवसांचं आहे हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं.

बाकीच्यांनी पस्तिशीच्या आत असल्यास वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून तज्ज्ञाकडे जावं. चाळिशी उलटली असेल तर लगेच. आणि जाताना दोघांनी जावं. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा जोडीनं असतं, तरी महिनोन्‌महिने फॉलिक्युलर स्टडीच्या, म्हणजे फॉलिकलची वाढ पाहणाऱ्या, सोनोग्राफी होतात बाईच्या. वीर्यतपासणीला दोन ते सात दिवसांचा खंड आणि एक नमुना लागतो, बस. ती पहिल्याच भेटीत मागून घ्यावी. बाईच्या सोनोग्राफीच्या तारखा वीर्यतपासणीचा रिपोर्ट आल्यावरही ठरवता येतात.